पन्नाशीला नोकरी सोडली तर मंगळवारी सकाळी ११ वाजता काय करणार?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांबण लागेल.

वय ४६. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या मशीन शॉपला क्वालिटीत आहे, २३ वर्षं झाली. मिसेस शाळेत शिक्षिका, मुलगी बारावीला. तिचं शिक्षण मार्गी लागलं की ५०-५१ ला थांबायचं असं मनात धरून चाललोय. घराचं कर्ज फिटलंय, पीएफ आहे, पीपीएफची १५ वर्षं झाल्यावर पुढं ५ वर्षांनी वाढवलंय, एसआयपी चालू आहेत, आणि हे सगळं एक्सेलमध्ये इतक्या वेळा मांडून झालंय की आकडे पाठ झालेत.

परवा जेवताना हेच चालू होतं तर लेक म्हणाली, पप्पा, पण मंगळवारी सकाळी ११ वाजता तुम्ही काय करणार? म्हटलं रंकाळ्याला फिरायला जाणार. म्हणाली ते सातला संपतं की, ११ वाजता काय? मी घास हातात धरून बसलो. रविवारचं सांगता येतं हो, रविवारी सगळं गावच मोकळं असतं. मंगळवारी ११ ला मिसेस शाळेत, लेक कॉलेजात, मित्र कामावर, आणि मी कुठं? चार वर्षं पैसे मोजतोय, पण त्या पैशातनं नेमका कसला दिवस विकत घ्यायचाय ते एकदाही बघितलं नाही.

तर विचारतोय. ज्यांनी लवकर सोडलंय किंवा सोडायचं ठरवलंय त्यांनी आपला साधा मंगळवार सांगा. फिरणार, वाचणार, शेती करणार असं मोघम नको, तासातासाचं सांगा.

पेठेतला_गडी:
११ वाजता मिसळ. साडेअकराला जादा कट. त्यात काय विचारायचं भावा 😄

रविवारची_सुट्टी:
प्रश्न लई भारी आहे. मीपण आत्ता डोळे मिटून बघितलं तर पाच वाजेपर्यंत काहीच दिसत नाही, पाचनंतर एकदम सगळं दिसायला लागतं, कारण पाचनंतरचं आत्तापण आहेच की.

गुळाची_ढेप:
शेती करणार म्हणणाऱ्यांच्यासाठी लिहितोय, राग नसावा. माझी करवीर तालुक्यात साडेतीन एकर, सगळा ऊस. आडसाली लावण केली तर १६ ते १८ महिने रान अडकून पडतं, तोवर हातात पैसा नाही. मोटरीला लाईट रात्रीची असली की थंडीत दोन वाजता उठून दारं धरायला जायचं, बॅटरी तोंडात धरून खोऱ्यानं पाट फोडायचा, पाय बर्फ होतात. तोडणीला टोळी वेळेवर येत नाही. हे सगळं मला आवडतं, जन्मच त्यात गेलाय, आमच्यात रिटायरमेंट नसतीच. पण नोकरीला कंटाळलो म्हणून शेती हे गणित काय मला पटत नाही. मन लागतंय का बघायला घरामागं दहा वाफे काढा आधी. मेथी, कोथिंबीर, चार वांगी. ती जगली तर पुढचं बोलू.

मोकळा_५२:
शिरोलीकर, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण मी या खड्ड्यात पडून बाहेर आलोय.

बँकेतनं ५२ व्या वर्षी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली. पहिला महिना सणासारखा गेला. सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून दिलेलं दूध, ग्लासावर बोटभर फेस, ते पिऊन तिथंच ओळखीच्यांच्यात अर्धा तास, मग पंचगंगा घाट, मग अंबाबाईचं दर्शन, घरी येऊन आंघोळ. वाटायचं जिंकलो. दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं की फोन वाजत नाही. शाखेत असताना दिवसाला पन्नास फोन असायचे, त्यांचा मी वैताग करायचो, आणि आता वाजला तरी लोन पाहिजे का विचारणारा. तिसऱ्या महिन्यात मी घरात सुधारणा करायला लागलो. डबे कुठं ठेवावेत, भाजी किती आणावी, कामवाल्या मावशींनी फरशी कुठनं सुरू करावी. मिसेसनी एक दिवस शांतपणे सांगितलं, हे घर २६ वर्षं चाललंय, तुम्ही शाखा सोडून आलाय, इथं बदली होऊन आलेला नाहीत. वाईट वाटलं, पण खरं होतं.

त्यातनं बाहेर कसा आलो तर करवीर नगर वाचन मंदिरात. १८५० सालचं वाचनालय, लहानपणी आजोबांच्यासोबत जायचो. परत सभासद झालो. आधी नुसतं वेळ घालवायला, मग तिथं स्पर्धा परीक्षेची पोरं भेटायला लागली. एकाला बँकिंगचा इंटरव्ह्यू होता, त्याची तयारी करून घेतली. तो गेला आणि दोघं आले. आता आठवड्याला तीन दिवस १० ते १ माझे ठरलेत. माझ्या ११ चं उत्तर ते आहे, पण ते सापडायला आठ महिने लागले आणि ते आठ महिने घरच्यांनी सोसले.

म्हणून सुचवतो, राजीनामा द्यायच्या आधी रंगीत तालीम करा. सुट्टी काढा पण गावाला जाऊ नका, कोकण-बिकण काही नाही. कोल्हापुरातच, घरातच, कामाच्या दिवशी. आणि बघा काय होतंय.

सावली_४९:
मोकळा_५२ यांच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा.

मी सरकारी ऑफिसात आहे, ४९. सगळ्या पुरुषमंडळींच्या मंगळवारात एक गोष्ट दिसली नाही, दुपारचं जेवण. ते कोण करणार? दादा लोक रिटायर झाले की घरात चहा दोनाचा पाच वेळा होतो आणि जेवण दोनदा गरम. मला लवकर थांबायचंय ते ऑफिसच्या कंटाळ्यानं नाही, ऑफिस मला आवडतं. मला सकाळी साडेपाच ते नऊ जे पळणं असतं ना, डबे, दूध, सासूबाईंच्या गोळ्या, नळाला पाणी, त्यातनं थांबायचंय, आणि त्याची व्हीआरएस कोण देत नाही.

माझा मंगळवार सांगू? पद्माराजे उद्यानाच्या बाजूनं रंकाळ्याला एक बाकडं आहे, ११ वाजता तिथं ऊन झाडातनं गाळून येतं. मी एकदा ऑफिसच्या कामानं तिकडं गेले होते तेव्हा वीस मिनिटं बसले. पाण्यात एक बगळा एका पायावर उभा होता, तो हलला नाही आणि मीपण हलले नाही. संध्याकाळी काय करायचं हे मला वीस मिनिटं कुणी विचारलं नाही. तेवढंच पाहिजे, रोज. यासाठी कोटी लागत नाहीत, पण घरातल्यांनी स्वयंपाक शिकावा लागतो.

शिरोलीकर:
सावलीताई, हे मी मिसेसना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, फोन माझ्या हातातनं घेऊन परत एकदा स्वतः वाचलं. मोकळा साहेब, रंगीत तालीम मनावर घेतो.

आकडेमोड:
मंगळवार राहू द्या बाजूला, त्या मंगळवाराचे पैसे कोण देणार ते बघा. इंटरनेटवर ४ टक्क्यांचा नियम (पहिल्या वर्षी साठ्यातले ४ टक्के काढायचे, पुढं महागाईप्रमाणे वाढवायचे, पैसे पुरतात) वाचून लोक निर्धास्त होतात. तो १९९४ मध्ये बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं तिथल्या शेअर आणि बाँडच्या इतिहासावरनं काढला आणि तो ३० वर्षांसाठी धरला होता. आपण ५० ला थांबून ९० पर्यंत जगलो तर ४० वर्षं काढायचीत आणि महागाईपण आपली. सोपा हिशोब, महागाई ६ टक्के धरा, ७२ ला ६ नं भागा, १२ वर्षांत खर्च दुप्पट. आज ५० व्या वर्षी महिना ५० हजार लागत असतील तर ६२ ला १ लाख, ७४ ला २ लाख, ८६ ला ४ लाख. एक्सेलमध्ये हा रकाना आहे का?

दुसरं, पीएफच्या पेन्शनवर फार विसंबू नका. ईपीएसला, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेला, १० वर्षं सेवा लागते, पूर्ण पेन्शन ५८ ला. ५० नंतर आधी घेता येते पण ५८ ला जेवढी वर्षं कमी तेवढे दरवर्षी ४ टक्के कापतात. १५ हजाराच्या मर्यादेवर पगार धरला तर २८ वर्षांच्या सेवेला महिना ६ हजाराच्या आसपास बसतात, तेही ५८ ला. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना ६० नंतर, व्हीआरएसवाल्यांना ५५ नंतर. म्हणजे ५० ते ५५ हा मधला ओढा तुम्हाला स्वतःच्या पैशानं ओलांडायचाय.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेडिक्लेम. कंपनीची ग्रुप पॉलिसी राजीनाम्याबरोबर जाते. स्वतःची आत्ताच काढा. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो नोकरीत असतानाच संपवा. आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढा हप्ता हलका झालाय.

पेठेतला_गडी:
आकडेमोड साहेब, मिसळीचा दर ८६ व्या वर्षी किती असंल तेवढं सांगा.

आकडेमोड:
आजची १०० ची मिसळ ३६ वर्षांनी ८०० ला. कट जादा मिळेल का ते सांगता येत नाही 🙂

जुना_सायकलवाला:
६३ वय, ५८ ला रिटायर झालो, अजून अर्धा दिवस एका पेढीवर हिशोब लिहायला जातो. मला ही लवकर थांबायची हौस कळतच नाही. हातपाय धड असताना घरी बसायचं कशाला? आमच्या वडलांनी सत्तरीपर्यंत गुजरीत काम केलं, शेवटच्या आठवड्यापर्यंत. काम हे नुसतं पगारासाठी असतंय का.

तालमीतला:
काका, तुमचं पटतं, पण तुम्ही पेढीवर जाताय ते मनानं जाताय. शिरोलीकरांच्यासारखी माणसं थर्ड शिफ्टचा कॉल आला की रात्री दोनला उठून जातात, ऑडिट असलं की आठ-आठ दिवस पोरांचं तोंड बघत नाहीत. माझा मोठा भाऊ असाच होता, ४८ ला अटॅक आला. वाचला, पण आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो. त्यानं ५० ला थांबायचं ठरवलं होतं, एक वर्ष, अजून एक वर्ष करत. मला म्हणून ही हौस वाटत नाही.

आणि एक कुणी बोललं नाही ते बोलतो. पन्नाशीला थांबलात तर तुम्ही मोकळे, पण मित्र मोकळे नाहीत. आमच्या तालमीत सकाळी अकराला जाऊन बघा, एकतर सत्तरीचे आजोबा नाहीतर कामधंदा शोधणारी विशीतली पोरं. मधल्या वयाचं कोण नाही. संध्याकाळी सातनंतर कट्टा भरतो. शाहू स्टेडियमला मॅच असली की तेवढी दुपार जाते, पण फुटबॉल काय बारा महिने नसतो.

पुण्यात_अडकलेला:
मी ४१, हिंजवडी. माझा मंगळवार पुण्यात दिसतच नाही, दिसतो तो कोल्हापूरलाच. दहा वर्षांत परत यायचं आहे. शुक्रवार पेठेच्या बाजूला नदीकडं एक जुनं घर बघून ठेवलंय, अंगण, फणसाचं झाड, मागच्या दारातनं नदीचा वारा. भाव पण बरा सांगतायत. जुन्या घराच्या दुरुस्तीचं कुणाला माहीत आहे का?

पंचगंगेकाठी:
दादा, भाव बरा का आहे ते आधी विचारा. आम्ही त्याच बाजूला राहतो. २०१९ ला पाणी पहिल्या मजल्याच्या पायरीला, २०२१ ला परत. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, पावसाळ्यात आमच्या घरात सकाळी उठल्यावर आधी हा आकडा बघतात, मग चहा. दोन्ही वर्षी शिरोलीपाशी हायवेपण पाण्याखाली, म्हणजे बाहेर पडायची वाट बंद. पाणी ओसरल्यावर भिंतीतनं जो वास येतो तो दिवाळीपर्यंत जात नाही. कपाट उघडलं की साड्यांच्या घड्यांना चिखलाची रेघ. ६५-७० व्या वर्षी गाद्या, धान्याचे डबे, आईवडलांचे फोटो वर चढवायची ताकद असणार आहे का याचा विचार करा. मी हे घर सोडणार नाही, माझं माहेर-सासर दोन्ही इथंच. पण नव्यानं घेणाऱ्यानं पूररेषा बघूनच घ्यावं.

पुण्यात_अडकलेला:
ताई, मनापासून आभार. पुण्यात बसून मला फक्त फणसच दिसत होता.

गुळाची_ढेप:
फणस पाहिजे तर गगनबावड्याकडं बघा की. पाऊस मात्र सोसावा लागंल.

सावली_४९:
धागा घराकडं गेला. शिरोलीकर, तुमचा मंगळवार कुठं आहे?

(तीन आठवड्यांनी)

शिरोलीकर:
आलो. मुद्दाम थांबलो होतो, तीन मंगळवार सुट्टी टाकली. ई.एल. (हक्काच्या रजा) पडूनच होत्या. साहेबांना सांगितलं घरचं काम आहे.

पहिला मंगळवार. सहाला रंकाळा, येताना लक्ष्मीपुरीतनं भाजी, दहाला घरात एकटा. फॅनचा आवाज ऐकू येत होता, इतकी वर्षं त्या घरात राहून तो फॅन असा कुरकुरतो हे माहीत नव्हतं. १० वाजून ४० मिनिटांनी मी प्लँटला फोन लावला, त्या हाऊसिंगच्या कास्टिंगमधले ब्लो होल (हवेची भोकं) कमी झाले का विचारायला. पोरगा म्हणाला, सर, सगळं ओके आहे, तुम्ही आराम करा. फोन ठेवल्यावर कसंतरीच झालं. २३ वर्षं वाटत होतं मी नसलो तर लाईन अडेल.

दुसरा मंगळवार. मोकळा साहेबांच्या वाचन मंदिरात गेलो. एक वाजेपर्यंत छान गेलं, पुस्तक पण चांगलं लागलं. घरी येऊन जेवून झोपलो, उठलो तर साडेचार, डोकं जड, आणि उगाचच रडू यायला लागलं होतं. कुणाला सांगितलं नाही. इथं सांगतोय कारण पुढं कुणाला असं झालं तर घाबरू नये.

तिसरा मंगळवार. उद्यमनगरात एका ओळखीच्याचं छोटं वर्कशॉप आहे, तीन लेथ. तो मागं कधीतरी म्हणाला होता आयटीआयची दोन नवीन पोरं आहेत, मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं साधन) धड वाचता येत नाही, माल परत येतो. सहज गेलो. त्यातला एक पोरगा मायक्रोमीटर व्हाईस आवळावा तसा आवळत होता, प्रत्येक जॉब कमी मापाचा दाखवत होता. त्याला म्हटलं जोर लावू नको, मागचं रॅचेट फिरव, टक टक टक तीनदा वाजलं की थांब. आधी स्पिंडल पुसायचा, मग झिरो बघायचा. मग वहीच्या कागदाची जाडी मोजायला दिली. मग म्हटलं डोक्याचा एक केस तोड. त्यानं तोडला, जपून धरला, टक टक टक, आणि वाचला, सत्तर मायक्रॉन. दुसऱ्या पोराचा मोजला, पंच्याऐंशी. मग दोघं वर्कशॉपमधल्या सगळ्यांचे केस मागत फिरले. मी घड्याळ बघितलं तर सव्वा वाजला होता.

११ कधी होऊन गेले मला कळलंच नाही.

तेव्हा माझं एक्सेल बदललंय. ५१ ला पूर्ण थांबायचं नाही, ५१ ला शिरोली सोडायची आणि आठवड्यातनं तीन सकाळी अशा पोरांच्यात. पैसे मिळाले तर पेट्रोलपुरते, नाही मिळाले तरी चालतंय. आकडेमोड साहेब, ६ टक्क्यांचा रकाना घातला, आकडा फुगला, एक वर्ष जास्त काढावं लागेल असं दिसतंय. मेडिक्लेमचा फॉर्म कालच भरला.

मिसेसना पण म्हटलं तुझा मंगळवार लिही. त्यांना शाळा ५८ पर्यंत सोडायचीच नाही, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, मी दोघांचं मिळून धरून चाललो होतो. वहीच्या मागच्या पानावर चारच ओळी लिहिल्या. शेवटची अशी आहे, साडेपाचला घरी येईन तेव्हा चहा झालेला असावा आणि समोर बसून कुणीतरी शाळेत काय झालं ते विचारावं. कालपासून चहा मी करतोय. आलं जास्त पडतंय म्हणाल्या.

सावली_४९:
आलं किसून नाही, ठेचून घाला, आणि पाण्याबरोबरच टाका. बाकी काय बोलू, डोळे भरून आले.

मोकळा_५२:
दुपारी झोपू नका. माझंही ते साडेचारचं तसंच व्हायचं. दुपारी फार तर वीस मिनिटं आडवं व्हायचं, गजर लावून.

जुना_सायकलवाला:
हे असलं थांबणं असेल तर माझी ना नाही. एवढंच म्हणत होतो मी.

तालमीतला:
भावाला वाचून दाखवलं. तो टूलरूमला होता. विचारतोय जिना चढायचा नसेल तर मी पण येऊ का.

शिरोलीकर:
तालमीतला, वर्कशॉप तळमजल्यावर आहे. त्यांना कधीपण घेऊन या, येताना खुर्ची मी बघतो. फक्त मायक्रोमीटर एकच आहे, पोरं दोन, आता भांडतात.

गुळाची_ढेप:
आमच्या चुलत्यांचा ०-२५ मिमीचा मायक्रोमीटर पडून आहे, पेटीतच, मखमलसकट. ते किर्लोस्करवाडीला होते. मंगळवारी उसाच्या कामानं गावात येणार आहे. उद्यमनगरात कुठल्या बोळात यायचं तेवढं व्यनि (खाजगी निरोप) करा.